‘तळ्यातला गणपती’

‘तळ्यातला गणपती’ : पुण्याच्या सारसबागेतला सिद्धिविनायक. नव्या वाचकाला इथे ‘तळे कुठे आहे?’ हा प्रश्न पडणारच. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास तळे बांधवले. आंबिल ओढ्याचे पाणी त्यात येई. मधोमध एक बेट राखले होते. त्या बेटावर 1784 मध्ये सवाई माधवरावांनी गणपतीची स्थापना केली. लेखकाने वर्णिलेला होडीतला प्रवास त्यामुळे कल्पनेतला मानू नये. पाण्याने वेढलेल्या देवळाकडे जायला होडीच लागे. पुढे तळे आटले, बुजले आणि विसाव्या शतकात नगरपालिकेच्या, मग महापालिकेच्या हातून त्या जागी बाग उभी राहिली. नाव मात्र लोकांनी सोडले नाही, आणि माझ्या मते तळ्याचे खरे स्मारक तेच आहे. देवळाभोवतीच्या छोट्या जलाशयात कमळे असतात. पोरे कठड्याला पोट टेकून आतले मासे मोजत बसतात. लगतच्या पेशवे पार्कात (1953) पूर्वी प्राणिसंग्रहालय होते. ‘फुलराणी’ ही मुलांची आगगाडी 1956 पासूनची. हिरवळ, फेरफटक्याच्या वाटा, बाहेर भेळेच्या गाड्या, दिवाळीत पहाटे पणत्या लावायला लोटणारी गर्दी, हे सारे पुणेकरांना ठाऊकच आहे. थंडीत मूर्तीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. पुढच्या परिच्छेदातला ‘टोपीवाला बाप्पा’ तो हाच. — संपा.