तीन मिनिटांची लावणी

पुणें-नाशिक रस्त्यावर वारूळवाडी आणि नारायणगांव हीं गांवें एकमेकांस लागून आहेत. गुढीपाडव्याच्या सुमारास या बाजूस तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात व गांवोगांवचे पंच यात्रेची सुपारी देण्यास येतात. अरबी गाण्याच्या ध्वनिमुद्रिकांविषयीं बोलावयाचें असतां मीं ही वाट कां धरली, असें आपणांस वाटेल. कारण इतकेंच, कीं कैरोची मैफल आणि नारायणगांवचा फड या दोघांचेंहि तबकडीशीं भांडण एकच होतें.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर घेतलें गेलें. गाणें संपतांच ती आपलें नांव इंग्रजींत सांगे. तबकडी हानोवरला तयार होई, तेथील कारागिरांस गाणारीची ओळख पटावी कशी? ख्याल असो कीं ठुमरी, मिनिटें अवघीं तीन. १९२५ पूर्वीं तर कर्ण्याशीं तोंड नेऊन गावें लागे.

तबकडीचे उपकार थोडे नव्हेत. ज्या घरच्या स्त्रियांस फडाजवळून जाण्याचीहि मुभा नव्हती, त्यांच्या माजघरांत लावणी पोहोंचूं शकली ती तिच्यामुळेंच. शब्द जपले गेले, पाल्हाळ गळला.

पण लावणी ही एका घोटांत प्यावयाची वस्तु नव्हे. फडावर आधीं गण, मग गौळण, बतावणी, आणि नंतर लावणी. एकच ओळ कधीं डोळ्यांनीं, कधीं नुसत्या खांद्यानें फिरवून तिचे पांच अर्थ करावयाचे. मागून सुरत्यांनीं ती उचलावयाची. मध्येंच कोणी दौलतजादा करावा, गाणें थांबावें, देणाऱ्याचें नांव पुकारलें जावें, आणि ढोलकीनें पुन्हां तेंच धरावें. विठाबाई नारायणगांवकरांस १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव लाभला. त्यांची कला या साऱ्या पसाऱ्यावर उभी होती. तबकडींत त्यांतलें काय मावणार?

कैरोंत १९३२ सालीं अरबी संगीताची परिषद भरली, तेव्हां तेथेंहि तबकड्याच घेतल्या गेल्या. परंतु १९३४ मध्यें इजिप्तची सरकारी नभोवाणी सुरू झाली, आणि पुढें उम्म कुल्सूम या गायिकेची मैफल महिन्याच्या पहिल्या गुरुवारीं ध्वनिक्षेपित होऊं लागली. श्रोत्यांनीं ओरडावें, तिनें तीच ओळ निराळ्या वळणानें म्हणावी. एकेक गाणें तासभर चाले. त्यांतील कित्येक मैफली त्या ओरडण्यासकट आज ऐकावयास मिळतात. आजच्या अरबी लोकप्रिय गाण्यांचे संच बहुधा पुन्हां तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांचे असतात. ते कानास लागलीच गोड लागतात. ती ओळ दुसऱ्यांदा कशी म्हटली गेली असती, हें मात्र त्यांत कळत नाहीं.

यंत्राला आतां तीन मिनिटांचें बंधन उरलेलें नाहीं. नारायणगांवचे फड अजून चैत्रांत बाहेर पडतात. निदान एका यात्रेची एक रात्र तरी गणापासून वगाच्या अखेरपर्यंत, शिट्या आणि पुकारा यांसकट, न कापतां मुद्रित करून ठेवावी, अशी त्या पंचांना माझी विनंति आहे.