सेवाज्येष्ठता व स्वयंचलन

सेवाज्येष्ठता व स्वयंचलन : एखाद्या आस्थापनेत कर्मचाऱ्याने केलेल्या नोकरीच्या कालावधीवरून त्याचा जो क्रम ठरतो, त्यास सेवाज्येष्ठता म्हणतात. मनुष्याने करावयाचे काम यंत्रणेकडून आपोआप करवून घेण्याच्या पद्धतीस स्वयंचलन अशी संज्ञा आहे [⟶ स्वयंचलन]. सेवाज्येष्ठतेचे दोन प्रकार मानले जातात. रजा, वेतनवाढ, निवृत्तिवेतन यांसारखे लाभ कर्मचाऱ्यास स्वतःच्या नोकरीच्या वर्षांवरून मिळतात. ही लाभविषयक ज्येष्ठता होय. बढती, कामाची पाळी, बदली व कपात यांबाबत सहकाऱ्यांच्या तुलनेने जो अग्रक्रम मिळतो, ती स्पर्धात्मक ज्येष्ठता होय. पहिलीचे माप वर्षांत होते, तर दुसरीचे माप एका यादीत होते. ही यादी एका कार्यालयाची, एका संवर्गाची किंवा संपूर्ण आस्थापनेची असू शकते. स्वयंचलनाचा आघात प्रामुख्याने या यादीवर होतो; कारण सेवाज्येष्ठता एखादे काम कोणाच्या वाट्यास यावे हे ठरविते, ते काम शिल्लक राहील की नाही हे ठरवीत नाही. सेवाव्यवसायांपुरते पाहता या प्रक्रियेचा सर्वांत दीर्घ इतिहास टेलिफोन ऑपरेटरांच्या, म्हणजेच दूरध्वनिचालकांच्या, व्यवसायात आढळतो.

हस्तचालित केंद्रे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत न्यू हेवन (कनेक्टिकट) येथे २८ जानेवारी १८७८ रोजी पहिले व्यापारी दूरध्वनी विनिमय केंद्र सुरू झाले. त्याचे २१ ग्राहक होते. प्रारंभी तारघरांच्या प्रथेनुसार या कामावर मुलांची नेमणूक होई. परंतु त्यांच्या उद्धट बोलण्यामुळे ग्राहक नाराज होत. १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टन येथे एमा नट ही पहिली स्त्री-चालिका रुजू झाली आणि पुढे हा व्यवसाय जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांचा बनला. ग्राहकाने श्रवणयंत्र उचलताच स्विचबोर्डवर खूण दिसे. चालिका त्या खाचेत दोरीचे टोक बसवून क्रमांक विचारी, दुसरे टोक इच्छित ग्राहकाच्या खाचेत घाली आणि संभाषण संपल्यावर जोडणी तोडी. हे काम चपळाईचे, कडक देखरेखीचे व मानसिक ताण देणारे होते. यातील कौशल्य दूरध्वनी कंपनीबाहेर फारसे उपयोगी पडत नसे. त्यामुळे नोकरीची वर्षे हेच चालिकेचे मुख्य संचित ठरे. दिवसपाळी मिळणे, सकाळ-संध्याकाळ अशी तुटक पाळी टळणे, रजेचे दिवस आधी निवडता येणे व कालांतराने पर्यवेक्षिका होणे या सर्व गोष्टी पुष्कळ अंशी ज्येष्ठतेवर अवलंबून असत.

तबकडीचे आगमन : कॅनझस सिटी येथील अंत्यविधीचा व्यावसायिक ॲल्मन ब्राउन स्ट्रोजर (१८३९–१९०२) याने १८९१ मध्ये स्वयंचलित विनिमय यंत्रणेचे एकस्व मिळविले. प्रतिस्पर्ध्याच्या नात्यातील चालिका आपली गिऱ्हाइके तिकडे वळविते, अशा संशयातून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ३ नोव्हेंबर १८९२ रोजी ला पोर्ट (इंडियाना) येथे या पद्धतीचे पहिले केंद्र सुरू झाले. तथापि अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनी व तिच्या संलग्न कंपन्या यांनी, म्हणजेच बेल समूहाने, सुमारे पाव शतक हस्तचालित पद्धतीच चालू ठेवली.

पुढे दोन कारणांनी हे धोरण बदलले. मोठ्या शहरांत केंद्रांची संख्या वाढली, की एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जाणाऱ्या संभाषणासाठी दोन चालिका लागत. म्हणून ग्राहकसंख्येपेक्षा खर्च अधिक वेगाने वाढे. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या काळात मजुरी वाढली व चालिका मिळणे कठीण झाले. एप्रिल १९१९ मध्ये न्यू इंग्लंडमधील सुमारे ८,००० चालिकांनी ज्यूलिया ओकॉनर हिच्या नेतृत्वाखाली संप केला. त्या वेळी दूरध्वनी-सेवा शासनाच्या नियंत्रणाखाली होती. सेवा ठप्प झाल्यामुळे थोड्याच दिवसांत मजुरीवाढ मान्य करावी लागली. त्याच वर्षी बेल समूहाने नॉरफॉक (व्हर्जिनिया) येथे तबकडी फिरवून वापरावयाची स्वयंचलित पद्धती सुरू केली. पाठोपाठ ओमाहा (१९२१) व न्यूयॉर्क (१९२२) येथे मोठ्या शहरांसाठी योजलेली यंत्रणा बसविण्यात आली. १९४० पर्यंत समूहाचे निम्म्याहून अधिक दूरध्वनी स्वयंचलित झाले होते.

कपातीचे नियोजन : जुन्या केंद्राकडून नव्याकडे होणारे स्थलांतर बहुधा मध्यरात्री काही मिनिटांत पार पडे. मात्र इमारत व यंत्रसामग्री यांची तयारी आधी दोनतीन वर्षे चालत असल्यामुळे कोणत्या जागा केव्हा नाहीशा होणार हे कंपनीस पूर्वीच ठाऊक असे. या मधल्या काळात कायम भरती थांबवून रिकाम्या जागांवर हंगामी चालिका नेमल्या जात. त्यांत विवाहानंतर नोकरी सोडलेल्या स्त्रियाही असत. स्थलांतराच्या दिवशी प्रथम या हंगामी चालिकांना निरोप मिळे. कायम चालिकांपैकी काहींची अन्य केंद्रांत वा लांब पल्ल्याच्या संभाषणांच्या फलकांवर बदली होई; काहींना नुकसानभरपाई देऊन कमी केले जाई. अमेरिकेच्या श्रमखात्यातील स्त्री-कामगार विभागाने १९३३ मध्ये या बदलावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला.

ही योजना चालिकांच्या स्वाभाविक गळतीवर आधारलेली होती. बहुतेक चालिका तरुण व अविवाहित असून काही वर्षांतच नोकरी सोडीत. परंतु १९२९ नंतरच्या महामंदीत दुसरे काम मिळेनासे झाल्याने नोकरी सोडणाऱ्यांची संख्या घटली आणि ज्या रिकाम्या जागांचा आधार घेतला जाई, त्याच आटल्या. जेम्स फायगेनबाम व डॅनिएल ग्रॉस यांनी १९२०–४० या काळातील जनगणनेच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले, की पुढील पिढीतील तरुणींना कारकुनी व अन्य सेवांत पर्यायी काम मिळाले आणि त्यांच्या एकूण रोजगारात घट झाली नाही. याउलट स्थलांतराच्या वेळी कामावर असलेल्या चालिका दहा वर्षांनंतर कमी वेतनाच्या व्यवसायांत किंवा रोजगाराबाहेर आढळण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे समाजाने हा बदल पचविला, तरी त्याची किंमत प्रामुख्याने त्या व्यवसायात वर्षे घालविलेल्यांनी मोजली.

यादीचे आक्रसणे : स्थानिक संभाषणे स्वयंचलित झाली, तरी एकूण संभाषणे व लांब पल्ल्याची सेवा वाढत गेल्याने अमेरिकेतील दूरध्वनिचालकांची संख्या १९५० च्या सुमारास साडेतीन लाखांच्या आसपास पोहोचली. मात्र त्यांचे सामुदायिक सामर्थ्य घटले होते. एप्रिल १९४७ मध्ये दूरध्वनी-कामगारांनी देशव्यापी संप केला, तेव्हा तबकडीवरून होणारी स्थानिक संभाषणे बव्हंशी चालूच राहिली. १९१९ च्या संपाशी तुलना करता हा फरक लक्षणीय होता. १९५१ मध्ये एंगलवुड (न्यू जर्सी) येथून ग्राहकांना चालिकेच्या मदतीवाचून दूरच्या शहरांशी संपर्क साधता येऊ लागला व लांब पल्ल्याच्या फलकांवरील आश्रयही कमी होऊ लागला.

या अवस्थेत ज्येष्ठतेचे स्वरूपच पालटते. एरवी कर्मचाऱ्याखाली नवे लोक येतात म्हणून तो यादीत वर सरकतो. भरती थांबली, की वीस वर्षे नोकरी केलेली व्यक्तीही यादीच्या तळाशीच राहते आणि रात्रपाळी तिच्याच वाट्यास येते. चालिका कमी झाल्या, की पर्यवेक्षिकांची पदेही घटतात. त्यामुळे वर जाण्याची शिडी आखूड होते. नोकरीची वर्षे वाढतात, परंतु त्यांबरोबर यावयाचा अग्रक्रम येत नाही.

समान संधीच्या प्रश्नामुळे ही गुंतागुंत वाढली. दीर्घकाळ कृष्णवर्णीय स्त्रियांना या कामापासून दूर ठेवण्यात आले होते. मोठ्या शहरांत त्यांची मोठ्या प्रमाणावर भरती होऊ लागली, तेव्हा हा व्यवसायच आक्रसत होता. जानेवारी १९७३ मध्ये समान रोजगार संधी आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार बेल समूहाने सु. १३,००० स्त्रिया व अल्पसंख्याक गटांतील सु. २,००० पुरुष यांना मिळून सु. दीड कोटी डॉलर थकबाकी देण्याचे मान्य केले. भरती व बढतीची उद्दिष्टे गाठण्यासाठी प्रसंगी अधिक ज्येष्ठ उमेदवारास डावलण्याची मुभाही त्यात होती. कामगार संघटनांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. परंतु १९७७ मध्ये अपील न्यायालयाने समझोता उचलून धरला. समाजशास्त्रज्ञ सॅली हॅकर हिने १९७९ मध्ये दाखवून दिले, की या धोरणाने स्त्रियांना जितक्या जागा मिळवून दिल्या, त्यांहून अधिक जागा त्याच काळात नियोजित यंत्रबदलाने नाहीशा केल्या. बेल समूहातील अखेरचे हस्तचालित केंद्र १९७८ मध्ये बंद झाले.

भारतातील स्थिती : भारतात औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ यात १९५३ मध्ये केलेल्या दुरुस्तीने ‘शेवटी आलेला प्रथम जाईल’ या तत्त्वास वैधानिक रूप मिळाले. कपात झाल्यास नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे, पुन्हा भरती करताना कपात झालेल्यांना प्राधान्य द्यावे व ज्या सुधारणेमुळे कपात संभवते तिची पूर्वसूचना द्यावी, अशा तरतुदीही त्या अधिनियमात होत्या. परंतु ज्येष्ठतेचे संरक्षण कामगारांच्या विशिष्ट प्रवर्गापुरते होते. संपूर्ण प्रवर्गच अनावश्यक ठरल्यास क्रमाला अर्थ उरत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही शेवटी आलेल्या कामगारास प्रथम कमी करण्याचे तत्त्व कायम आहे.

दूरध्वनी-सेवा शासनाकडे असल्यामुळे भारतात चालकांची उघड कपात सहसा झाली नाही. लखनौ–कानपूर मार्गावर १९६० मध्ये थेट दूरसंभाषणाची सोय झाली व पुढे तिच्या विस्ताराबरोबर ट्रंक फलक ओस पडत गेले. चालकांना अन्य कामांत सामावून घेण्यात आले. बढतीच्या जागा अपुऱ्या असल्याने १९८३ पासून सोळा वर्षांच्या सेवेनंतर कालबद्ध बढती देण्याची योजना आली. स्पर्धात्मक ज्येष्ठतेची उणीव लाभविषयक ज्येष्ठतेने भरून काढण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

आयुर्विम्याच्या क्षेत्रात संगणकास मोठा विरोध झाला. कलकत्त्यातील इलॅको हाउस या इमारतीत संगणक बसू नये म्हणून १९६०–७० या दशकाच्या उत्तरार्धात कर्मचाऱ्यांनी दीर्घकाळ पहारा दिला. या पार्श्वभूमीवर शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनविषयक समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये सादर झाला. बँकांत १९८३ व १९९३ मध्ये व्यवस्थापन व कर्मचारी संघटना यांच्यात झालेल्या करारांनी संगणकीकरणाचा मार्ग टप्प्याटप्प्याने मोकळा झाला.

यानंतर कपातीऐवजी स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग रूढ झाला. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी या योजनेखाली बाहेर पडले. पंधरा वर्षांची सेवा किंवा वयाची चाळीस वर्षे ही पात्रता होती. भारत संचार निगममधील सुमारे ७८ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी निवृत्त झाले. ती योजना पन्नास वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या कर्मचाऱ्यांसाठी होती. तीमागे भ्रमणध्वनी क्षेत्रातील स्पर्धा व निगमाचा तोटा हीही कारणे होती. कायद्याने शेवटी आलेल्यास प्रथम जाण्यास सांगितले होते. या योजनांत आधी आलेल्यास आधी जाण्याचे निमंत्रण मिळाले. भरपाई मिळत असली, तरी ज्येष्ठता ही संरक्षणाऐवजी बाहेर पडण्याची पात्रता ठरली.

समालोचन : सेवाज्येष्ठतेवर असा आक्षेप घेतला जातो, की ती गुणवत्तेकडे दुर्लक्ष करते व नवागतांवर अन्याय करते. या आक्षेपात तथ्य असले, तरी वरिष्ठांच्या मर्जीपासून कर्मचाऱ्याचे रक्षण करणारी इतकी सोपी व पडताळता येण्याजोगी दुसरी कसोटी सहसा आढळत नाही. तिची मर्यादा दूरध्वनिचालिकांच्या इतिहासावरून स्पष्ट होते. ज्येष्ठतेची यादी एका फलकापुरती वा एका प्रवर्गापुरती असेल, तर तो फलक बंद होताच तिचे मूल्य संपते. यादी संपूर्ण आस्थापनेची असेल, नव्या कामाचे प्रशिक्षण जुन्या क्रमानुसार मिळत असेल व बदलाची सूचना पुरेशी आधी दिली जात असेल, तरच आधीची वर्षे नव्या कामात जमेस धरली जातात. बदलाची तारीख कंपनीस दोनतीन वर्षे आधी माहीत असे. त्या ज्ञानात कर्मचाऱ्यांना कितपत सहभागी करून घेतले जाते, यावर पुढील काळातही सेवाज्येष्ठतेचे महत्त्व अवलंबून राहील.