महापालिका शाळा, भांडुप

मुंबईच्या पूर्व उपनगरातील भांडुप येथे बृहन्मुंबई महानगरपालिका चालवत असलेल्या सार्वजनिक शाळा. 1950मध्ये मुंबईची हद्द वाढून पूर्वेला भांडुपपर्यंत आली. शेजारचे मुलुंड 1957मध्ये सामील झाले. हद्दीबरोबर शिक्षणाची जबाबदारीही महापालिकेवर आली.

लाल बहादूर शास्त्री मार्गालगतचे कारखाने आणि डोंगरउतारावरच्या वस्त्या यांमुळे येथे कोकण, घाट, उत्तर प्रदेश व दक्षिणेकडून कामगार कुटुंबे आली. त्यांच्या मुलांना परवडणारी शाळा म्हणजे महापालिकेचीच. मुंबईभर महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांतून शिकवते. घरच्या भाषेत मोफत शिक्षण देण्याचे एवढे मोठे काम देशातील फार थोड्या शहरांनी केले आहे, आणि त्याची नोंद क्वचितच घेतली जाते.

गणवेश, बूट, दप्तर, वह्या, छत्री अशा 27 शालोपयोगी वस्तू मुलांना मोफत मिळतात. जूनच्या पावसात घरातील दोन-तीन भावंडांची एकदम खरेदी ज्यांनी केली आहे, त्यांना यातील प्रत्येक वस्तूचे मोल कळेल. दुपारचे जेवणही शाळेतच मिळते.

2021च्या सुमारास महापालिकेने आपल्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ ही ओळख दिली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) इंग्रजी माध्यमाच्या शाळा भांडुपच्या दोन्ही अंगांना, विक्रोळीच्या हरियाली व्हिलेज आणि मुलुंडच्या मिठागर येथे, निघाल्या. पालकांची इंग्रजीची ओढ समजण्यासारखी आहे. तरीही मराठी माध्यमाचे वर्ग रोडावणे हे या शाळांपुढील सर्वांत गंभीर संकट आहे.