पर्यावरण विषय सक्तीचा झाला त्याची गोष्ट, आणि आपल्या ग्रामपंचायतीतली वही

थोडं लांब लिहितोय. घरात नववी-दहावीचं मूल असेल किंवा ग्रामपंचायतीतला कुणी सदस्य ओळखीचा असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

दरवर्षी प्रकल्पवह्या जमा करायची तारीख जवळ आली की स्टेशनरीच्या दुकानांत गर्दी होते. वाघ, गेंडा, हत्ती यांच्या चित्रांचे तक्ते घ्यायचे, कापायचे, चिकटवायचे आणि खाली मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीतली दहा वाक्यं उतरवायची. झाला प्रकल्प! मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे अशा वह्यांचे गठ्ठे दरवर्षी माझ्या टेबलावर येतात. कोकणातल्या पोरांच्या वहीत गेंडा असतो, पण घरामागच्या सड्यावर श्रावणात काय फुलतं त्याची एक ओळ नसते. पोरांना दोष देऊन उपयोग नाही. हे असं कसं झालं, त्याला तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्याला कुणी सांगत नाही.

सुरुवात एका याचिकेपासून. एम. सी. मेहता हे वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रदूषणाचे कायदे आहेत, पण लोकांना माहितीच नसेल तर ते पाळणार कोण? २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांच्या खंडपीठाने निकाल दिला. चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड दाखवा, दूरदर्शन-आकाशवाणीवर कार्यक्रम करा आणि शाळा-कॉलेजात पर्यावरण हा विषय सक्तीचा करा. आपल्या वयाच्या लोकांना सिनेमाआधीच्या त्या स्लाइड आठवत असतील. शिक्षणाचा भाग मात्र बारा वर्षं रेंगाळला. मेहता पुन्हा न्यायालयात गेले. १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाने एनसीईआरटीला पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम करायला सांगितलं आणि २००४ मध्ये तो मान्यही झाला. तेव्हा कुठे विषय वेळापत्रकात आला.

आता दुसरी गोष्ट. ती याच काळात, पण वेगळ्या वाटेने चालली होती.

१९७०च्या दशकात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि तरुण माधव गाडगीळ सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना बोलावलं. काळकाईची देवराई तुटायची वेळ आली होती, ती वाचवायला मदत करा म्हणून. त्या राईत गारंबीची एक अजस्र वेल होती. जनावराला साप चावला की तिची साल औषध म्हणून न्यायला लोक लांबून यायचे. या दोघांनी वनखात्याकडे शब्द टाकला आणि तोड थांबली. लक्षात घ्या, राई राखली होती गावाने आणि वेलीचा उपयोग माहीत होता तोही गावाला. शास्त्रज्ञांनी ते नीट लिहून काढलं, त्यामुळे त्याला सरकारदरबारी वजन आलं.

लिहून काढलेल्या गोष्टीला वजन येतं, हाच धागा पुढे कायद्यात आला. १९९२ मध्ये रिओला जैवविविधतेचा जागतिक करार झाला. भारताने २००२ मध्ये जैविक विविधता कायदा केला. त्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती बसवायला सांगितलं. २००४च्या नियमांनी त्या समितीचं मुख्य काम ठरवलं, ते म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं. आपल्या हद्दीत कोणती झाडं, मासे, पाखरं, भाताचे वाण आहेत, त्यांचं कोणाला काय ज्ञान आहे, हे सगळं गावकऱ्यांनी गावकऱ्यांच्या तोंडून लिहायचं. शिवाय व्यापारासाठी कुणी हद्दीतून वनस्पती वगैरे गोळा करत असेल, तर त्याच्याकडून शुल्क घ्यायचा अधिकारही कायद्याने समितीला दिला. म्हणजे ही वही शोभेची नाही.

इथे दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असत्या, आणि एकदा तर अगदी जवळ आल्याही होत्या. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी एनसीईआरटीने पर्यावरण आणि शिक्षण यावर एक गट नेमला. त्याचे अध्यक्ष होते तेच माधव गाडगीळ! गटाचा सूर असा, की पुस्तकातून घोकण्यापेक्षा मुलांनी आपल्याच परिसराचा अभ्यास करावा आणि त्यांनी जमवलेली माहिती सगळ्यांना बघता यावी. न्यायालयाच्या हुकुमाने शाळेत एक तास मिळालेला, कायद्याने पंचायतीला एक कोरी वही दिलेली. तासाने वही भरायची, इतकं सरळ होतं.

तसं झालं नाही. शाळेत विषय आला तो श्रेणीचा. निकालाच्या टक्क्यांत धरत नाहीत, म्हणून पालकांनी सोडला, पालकांनी सोडला म्हणून शाळांनी सोडला. पंचायतींत समित्या कागदावर बसल्या आणि वह्या कोऱ्याच राहिल्या. अखेर २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दम भरला. ३१ जानेवारी २०२०पर्यंत सगळ्या वह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याने महिन्याला दहा लाख रुपये भरा. मग काय, धावपळ. मी एका पंचायतीतली अशी वही मागून पाहिली आहे. नाव सांगत नाही. सुबक छापलेली, स्पायरल बाइंडिंग केलेली. आंबा, फणस, वड, पिंपळ, मोर, नाग. यादी सह्याद्रीतल्या कुठल्याही गावाला चालेल अशी. गावातल्या दोन जाणत्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर त्यांच्याकडे कुणी आलंच नव्हतं.

म्हणजे बघा, पोराने वहीत गेंडा चिकटवला आणि मोठ्यांनी नोंदवहीत वड-पिंपळ. शाळा एकच!

यात आपलं जातं काय? आंबोलीचं उदाहरण घ्या. हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ, तिथलं पाणी कित्येक पिढ्यांनी पाहिलेलं. त्याच पाण्यातला एक छोटा मासा शास्त्राला नवा निघाला, २०२० मध्ये त्याचं नाव शिस्टुरा हिरण्यकेशी ठेवलं गेलं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. जागा दोन हेक्टरच्या आसपास. संरक्षण मिळालं, कारण तिथे काय आहे ते कुणीतरी पाहून लिहिलं. उद्या आपल्या सड्यावर चिऱ्याची खाण आली आणि अधिकाऱ्यांनी विचारलं, "इथे विशेष काय आहे?", तर आपल्या हातात काय असेल? "कातळ आहे साहेब, ओसाड आहे", असं कागद सांगेल. आपण नुसते हळहळत बसू.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. वही पुन्हा उघडा आणि पोरांना द्या. पहिल्या पावसात चढणीचे मासे कुठल्या वहाळात चढतात, टाकळा, भारंगी, फोडशी कुठे मिळते, मुणगा, वालय, पटणी यातलं कुठलं भात अजून कोण पेरतं, देवराईत मोठी झाडं किती. एका वर्गाने एका वर्षात एवढं सहज होईल. मूल्यमापनही खरं होईल, कारण शेजारच्या गावची वही उतरवून चालणारच नाही.

दोन पथ्यं मात्र पाळायची. औषध सांगणाऱ्या माणसाला विचारूनच लिहायचं, आणि तो "नको" म्हणाला तर नको. दुर्मीळ वनस्पती कुठे आहे, ती नेमकी जागा गावजत्रेसारखी जाहीर करायची नाही. गोळा करणारे टपलेले असतात.

काही शिक्षक म्हणतील, आधीच कामं कमी आहेत का? खरंय. जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती, सगळं आमच्याच गळ्यात. पण हे वेगळं जादा काम नाही. प्रकल्प करून घ्यायचाच आहे, फक्त तो खरा करून घ्यायचा.

येत्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: "आपली जैवविविधता नोंदवही कुठे आहे, दाखवता का?" ती आपल्या गावची आहे, बघायला मागण्यात लाजायचं काही नाही. मिळाली तर आपल्या घरच्या आजीला वाचून दाखवा. ती काय काय सुटलंय म्हणते, ते खाली कमेंटमध्ये लिहा. आपल्या तालुक्याची यादी तिथूनच सुरू करू.