कुष्ठरोग ते मधुमेह : एका पाल्याचा प्रवास

माझ्या मामांच्या चपलेचा खिळा वर आला होता. दोन दिवस ते तीच चप्पल घालून हिंडले आणि त्यांना पत्ताही लागला नाही. मधुमेहाने तळपायाची संवेदना गेली होती. आजीने विहिरीकडेचा कारिवणा वाटून जखमेवर बांधला. तीन आठवड्यांनी अंगठा काढावा लागला. मग त्या पाल्यात काहीच गुण नव्हता का?

कारिवणा म्हणजे मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. ओलसर जागी जमिनीलगत पसरणारी, वाटोळ्या पानांची ही वनस्पती आपण सर्वांनी पाहिलेली असते. (तिला ब्राह्मीही म्हणतात, पण बाकोपा या अगदी निराळ्या वनस्पतीलाही तेच नाव आहे. विद्यार्थ्यांना शास्त्रीय नावांचे महत्त्व पटवायला हे उदाहरण चांगले.)

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कष्टाने बऱ्या होणाऱ्या व्रणांचा उल्लेख आहे. तेथे कुष्ठी आणि मधुमेही यांचे व्रण शेजारीशेजारी येतात. आयुर्वेदातील कुष्ठ म्हणजे केवळ आजचा कुष्ठरोग नव्हे, त्वचेचे पुष्कळ विकार त्यात मोडतात. तरीही ही जोडी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो.

1941 साली मादागास्कर बेटावरील सेंटेलापासून एशियाटिकोसाइड हे द्रव्य वेगळे करण्यात आले. 1956 मध्ये ब्वातो आणि रात्सिमामांगा या संशोधकांनी, कुष्ठरोग व त्वचेचा क्षय यांतील चिवट जखमांवर त्याचा उपयोग होतो असे प्रसिद्ध केले. रात्सिमामांगा हे मूळचे मादागास्करचेच. पुढे फ्रान्समध्ये या वनस्पतीच्या अर्काचे मलम बाजारात आले. त्यातील द्रव्ये त्वचेखालच्या फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजेन हे प्रथिन अधिक तयार करायला लावतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे.

त्याच सुमारास वेल्लोरला निराळाच शोध लागत होता. 1946 साली तेथे आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरोग्याचा पाय मुख्यतः रोगाने झडत नाही. बधिर पायावर तो माणूस चालत राहतो, म्हणून जखम होते आणि चिघळते. आपण नकळत भार या पायावरून त्या पायावर टाकतो, लंगडतो. वेदनाच आपल्याकडून ते करवून घेते. ब्रँड यांनी जखमी पायाला प्लास्टर घालून भार वाटून दिला आणि वर्षानुवर्षांच्या जखमा भरून आल्या. 1966 मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि ही पद्धत तिथल्या मधुमेही पायांपर्यंत पोचली. माझ्या मते या क्षेत्रात याच्याइतके मोलाचे दुसरे काही घडलेले नाही, आणि त्यात औषधाचा थेंबही नव्हता!

पाल्याची खरी कसोटी मात्र फार उशिरा लागली. मधुमेही जखमेत भक्षकपेशी जंतूंशी लढण्याच्या अवस्थेतच अडकून पडतात, डागडुजीकडे वळत नाहीत. त्यांना वळवण्याच्या हेतूने तैवानमध्ये सेंटेला आणि पानओवा यांच्या अर्कांपासून एक मलम तयार झाले. (पानओवा म्हणजे ज्याच्या पानांची आपण भजी करतो तोच.) तैवान, चीन आणि अमेरिका येथील 236 रुग्णांवर ते तपासले गेले. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी तैवानने मलमाला मान्यता दिली. सोळा आठवड्यांत मलम लावलेल्या 122 पैकी 74 जणांच्या जखमा पूर्ण भरल्या. नुसती द्रवशोषक पट्टी बांधलेल्या 114 पैकी 40 जणांच्या. शेकड्यात सांगायचे तर 60.7 आणि 35.1. कोणाला काय मिळते हे रुग्णांना माहीत होते, जखम मोजणाऱ्यांना नव्हते.

यातला 35 हा आकडा मला अधिक बोलका वाटतो. मलमाविनाही इतक्या जणांच्या जखमा भरल्या. घरी पाला बांधून बरा झालेला माणूस यांपैकीच एक असू शकतो, आणि गावभर सांगतो तो पाल्याचा गुण. शिवाय या चाचणीत घेतलेल्या जखमा आधी शस्त्राने स्वच्छ केलेल्या होत्या, हाडापर्यंत गेलेल्या नव्हत्या.

मामांची जखम हाडापर्यंत गेली होती. दुखत नव्हती, म्हणून ते रोज चालतच दुकानात जात होते.