न छापलेल्या पुस्तकाची चित्रं

होकुसाई म्हणजे तोच, ज्याची ‘मोठी लाट’ तुम्ही टी-शर्टवर नाहीतर कुणाच्या तरी मोबाइल कव्हरवर पाहिलेली असते. जानेवारी २०२२ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्याचं प्रदर्शन होतं. गेलो ते लाटेच्या ओढीनं, आणि अडकलो पोस्टकार्डाएवढ्या काळ्या-पांढऱ्या कागदांपाशी.

अशी १०३ रेखाचित्रं. एका चित्रात जास्वंदीपाशी दोन मांजरं एकमेकांसमोर फिस्कारत उभी आहेत. रेघ इतकी बारीक, की काचेला नाक लावावंसं वाटतं. खरं तर हे कागद उरायलाच नको होते.

जपानी छापचित्राची रीत अशी. चित्रकार पातळ कागदावर शाईनं पक्कं चित्र काढून देई. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवी आणि रेघांच्या आजूबाजूचं लाकूड कागदासकट कोरून काढी. रेघ लाकडावर उठून राही, पण मूळ चित्र तिथंच संपे. पुढं प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. छापणारा तिसराच, आणि पैसा लावणारा प्रकाशक चौथा. म्हणजे लाटेच्या फेसाचे जे पंजे आपण होकुसाईचे म्हणतो, त्यांची धार कोरणाऱ्याच्या सुरीची. त्या कारागिराचं नाव चित्रावर नाही.

ही १०३ चित्रं ‘सगळ्या गोष्टींचं मोठं चित्रपुस्तक’ अशा नावाच्या ग्रंथासाठी होती, १८२० ते १८४० च्या दशकांतली. पुस्तक निघालंच नाही, म्हणून सुरी चालली नाही, म्हणून होकुसाईचा हात वाचला. पुढं ती पॅरिसच्या आंरी वेव्हेर या जवाहिऱ्या संग्राहकाकडे होती. १९४८ च्या लिलावानंतर नजरेआड झाली ती थेट २०१९ मध्ये सापडली. २०२० मध्ये म्युझियमनं विकत घेतली.

‘सगळ्या गोष्टीं’त भारतही आहे! जपानी माणसाला १६३५ पासून परदेशी जायला बंदी होती, त्यामुळे होकुसाईचा भारत बौद्ध कथांमधून आलेला. शाक्यांचा संहार करणारा कोसलचा राजा विरूढक (पाली ग्रंथांतला विडूडभ) इथं विजेनं मरतो. पाली परंपरेत तो पुरात बुडतो. कथा चीनमार्गे जपानला पोचेपर्यंत पाण्याची वीज झाली, आणि चित्रकाराच्या दृष्टीनं ते बरंच झालं. सगळ्या रेघा त्या एका स्फोटातून बाहेर फेकल्यासारख्या सुटतात. हा भारत आपल्या ओळखीचा नाही. तरी मी त्या चित्रापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबलो.

परतताना ट्रेनमध्ये फोनवर लाट मोठी करून पाहिली. डावीकडे वर होकुसाईची सही आहे. तीसुद्धा त्याच कारागिरानं कोरलेली.