योशिनोची ‘बाग’ : एक तळटीप

१२. मूळ लेखात सवयीने ‘बाग’ असे म्हटले आहे. प्रत्यक्षात योशिनो हा जपानच्या नारा प्रांतातला एक आख्खा डोंगर आहे. त्यावर सुमारे ३०,००० साकुरा (चेरीची झाडे) आहेत, बहुतेक रानसाकुरा. शहरांतल्या बागांमधून दिसतो तो सोमेइ-योशिनो वाण वेगळा. नाव योशिनोचे, पण प्रसार झाला एदोच्या (आजच्या तोक्योच्या) बाजूने. तो कलमांनीच वाढवतात, त्यामुळे एका ठिकाणची सगळी झाडे एकदम फुलतात आणि एकदम झडतात. रानसाकुराला मात्र फुलांसोबतच तांबूस पालवी फुटते, आणि झाडागणिक दिवस मागेपुढे होतात. शिवाय डोंगराचे खालून वर चार टप्पे मानतात. एप्रिलच्या सुरुवातीला पायथ्याशी आलेला बहर हळूहळू माथ्याकडे सरकतो, म्हणून उशिरा पोचलेला पाहुणाही सहसा रित्या डोळ्यांनी परतत नाही. १५९४ साली जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी इथे फुले पाहायला सुमारे ५,००० माणसांचा लवाजमा घेऊन आला होता. पाऊस थांबेना तेव्हा त्याने डोंगर जाळण्याची धमकी दिली, म्हणे!

जपानी गावकऱ्यांचे फूल पाहणे यापेक्षा साधे, आणि आमच्या मते अधिक रंजक. अनेक गावांत एखादा जुना साकुरा ‘बी पेरायचा साकुरा’ म्हणून ओळखला जाई : तो फुलला की भाताचे बी टाकायचे. ईशान्येकडे हाच मान कोबुशीलाही मिळतो. हे पांढऱ्या फुलांचे झाड आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातले. शेतीची घाई सुरू होण्याआधी डबे बांधून जवळच्या टेकडीवर एक दिवस खाण्यापिण्यात घालवायची रीतही पुष्कळ ठिकाणी होती.
— संपादक